उघडी पेटी

"पेटी टीव्हीशेजारी मावली पाहिजे, आणि पाहुण्यांसमोर लाज आणता कामा नये." केनियातल्या किसी गावच्या बाजारात म्वेंडेच्या दुकानात उभ्या असलेल्या ओसोरोच्या कानात आईचे हे शब्द घुमत होते. कॉम्प्युटरची पेटी छोटीच घ्यायची, हे त्यामुळे आधीच ठरले होते. आत कोणता प्रोसेसर घालायचा, एवढेच राहिले होते.

"हा मोठा पळतो जोरात, पण तापतोही तसाच," म्वेंडे म्हणाली. "एवढ्याशा पेटीत गुदमरेल. हा दुसरा जरा हळू आहे, पण डोक्याने थंड. हाच ने."

"ताई, मला लग्नांचे व्हिडिओ करायचेत. थंड डोक्याने लग्नं होतात का?"

ओसोरोने मोठा घेतला. पहिलेच काम शेजारच्या बोसिबोरीच्या लग्नाचे होते. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांसकट सगळे ओसोरोच्याच घरी जमून व्हिडिओ बघणार होते. जमला तर पुढची लग्ने त्याची. फसला तर मामाच्या मळ्यात चहाची पाने खुडणे होतेच.

त्याची आई केरुबो शांत बाई. रविवारी प्रार्थना होईपर्यंत पाणीही घ्यायची नाही. सोफ्याच्या पाठी, रेडिओ, थर्मास, पाण्याचे मडके, सगळ्यांच्या अंगावर तिने विणलेले क्रोशाचे रुमाल असत. उघडी वस्तू आणि पारोसा माणूस तिच्या लेखी सारखेच.

ओसोरोने व्हिडिओ तयार व्हायला लावला आणि तो चहाला गेला. परत येतो तर पेटी बंद, आणि काम थांबले होते ते नेमके नवरीच्या क्वाम्बोका मावशींच्या नाचापाशी. पुन्हा लावला, पुन्हा बाहेर जाऊन आला. पुन्हा तिथेच.

"मावशी, तुमचा नाच पेटीला पेलत नाही," त्याने मावशींना गाठून नाइलाजाने सांगितले.

"मेल्या, माझं वजन काढतोस? नाच कापलास तर पाद्रीबाबांसमोर तुझे कान उपटीन!"

ओसोरो पेटी उचलून म्वेंडेकडे गेला.

"काही बोलू नकोस, ताई."

"मी कुठं काय बोलले?" म्हणत तिने प्रोसेसर बदलून दिला.

शनिवारी सकाळी थंड डोक्याच्या प्रोसेसरने मावशींचा नाच निभावून नेला. ओसोरो आनंदाने केळी आणायला गेला. तो परतेपर्यंत पाद्रीबाबांच्या आशीर्वादापाशी पेटी बंद पडली होती.

"नाचाने बंद पडते, हे मला पटलं होतं," केरुबो हळूच म्हणाली. "पण आशीर्वादाने?" तिने क्षणभर डोळे मिटले. "माझंच झाकण कमी पडत असेल. आता दुहेरी घालते."

"कसलं झाकण?"

केरुबोने कपाटातून गुलाबांचा जाडजूड रुमाल काढला. "तू बाहेर गेलास की पेटीवर घालते. तिची घरघर थांबली की काम झालं समजून काढते."

ओसोरोने पेटीच्या जाळीवर हात ठेवला. "आई, तिला वारा लागतो गं. नाहीतर तापून बंद पडते."

"म्हणजे उघडीच ठेवायची?"

"उघडीच."

"पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोर."

केरुबोने रुमाल कपाटात परत ठेवला. "बरं. देवासमोर शब्द देते. नाही घालणार."

दुपारपर्यंत नाच आणि आशीर्वाद दोन्ही सुखरूप पार पडले.

रविवारी प्रार्थनेहून आल्या आल्या केरुबो टीव्हीच्या फळीसमोर उभी राहिली. सगळ्या झाकलेल्या घरात ती एकटी पेटी उघडी होती. अंगणात पाहुण्यांचे आवाज येऊ लागले. तिने ओसोरोकडे पाहिले. तो केस विंचरत होता. मग तिने रेडिओवरचा रुमाल अलगद उचलला आणि घडी केली. थर्मासवरचा उचलला, मडक्यावरचा उचलला, आणि सोफ्यावरचे काढायला ती वळली.