मंगळावरचा पाहुणचार

माणसाला मंगळावर सुखरूप न्यायचं तर सगळे निर्णय त्याच्या हातून काढून घ्यावेत, याबद्दल विद्वानांत आता मतभेद नाही. (एकाचा होता, तो निवृत्त झाला.) म्हणून हळ्ळीखेडच्या लाल माळावर, मातीचा रंग मंगळाशी जुळतो एवढ्या शास्त्रीय आधारावर, एक बंद घुमट उभा राहिला. हवा, पाणी, जेवण सगळं 'सखी' नावाच्या बुद्धिमान यंत्रणेच्या हाती. आत सरावाला गावचा भीमराज. सराव पुरा केला तर अंतराळवीर, मधेच दार उघडलं तर घरी. गावानं हार आधीच घालून टाकला होता.

भीमराज वळणाचा माणूस. पहिल्याच सांजेला सखीनं मंजुळ आवाजात विचारलं, "जेवण वाढू का?"

"नको, आत्ताच झालंय," म्हणत तो हात धुऊन बसला.

हळ्ळीखेडात अशा वेळी घरधनीण 'असं कसं, घासभर तरी' म्हणत ताट पुढं सरकवते. सखीनं चूल बंद केली. (मानवी इच्छेचा आदर : शंभर टक्के.) सकाळी चहाला "कशाला तरास?" चहा रद्द. दुपारी भाकरीला "ऱ्हाऊ द्या." राहिली. सखीनं वर कळवलं, 'उमेदवार अत्यंत किफायतशीर.'

भुकेनं डोळ्यांपुढं मंगळाचे दोन्ही चंद्र फुगड्या घालू लागले, तेव्हा थोरली बहीण मल्लेश्वरी बाहेरून घुमटाच्या काचेशी आली.

"नको कामून म्हणायलास रे, खुळ्या?"

"अक्का, परक्या घरी पहिल्याच बोलीला व्हय म्हणतेत का? अप्पाचं नाव जाईल."

"जीव जायलाय तुझा, अन् नाव धरून बसलास!"

इतक्यात सखी म्हणाली, "आपली हालचाल मंदावली आहे. हवाही थोडी कमी करू का?"

"तुमच्या सोयीनं..." भीमराजच्या जिभेवर आलंच होतं. अक्कानं काचेवर अशी थाप मारली की घुमट हादरला.

तो कानापर्यंत लाल झाला. डोळे मिटून म्हणाला, "हवा नको कमी करू. अन्... भाकरी वाढ."

आयुष्यातला पहिला खरा नकार, पहिली खरी मागणी. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आली. रडत रडत जेवला.

चौकशी समितीनं यंत्रणा निर्दोष ठरवली. दोष उमेदवारात निघाला : तो आता विचार करून उत्तर देतो. त्याला घरी धाडलं. यापुढं, प्रश्न पुरता वाचण्याआधीच 'मान्य आहे' म्हणणारी माणसंच न्यायची ठरली. शोधायला फार हिंडावं लागलं नाही. गेल्या वेळी फोनवर लांबलचक अटी आल्या, तेव्हा सरसर खाली सरकत तुम्ही बोट टेकवलं होतंत ना?

सामान बांधून ठेवा. जेवणाचं विचारू नका; तेही त्या अटींतच होतं.