एक शत्रू पाहिजे

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. अनंतराव गायकर गॅसपाशी उभे राहून दुधावर नजर ठेवून होते. बायको, तुळशीबाई गेल्यापासून त्यांनी स्वतःला एकच नियम घालून घेतला होता, दूध उतू जाऊ द्यायचं नाही. तो ते रोज मोडत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या गयाबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारातूनच ओरडल्या, "अनंता, आयकलास का? पलीकरचे गल्लीन चोरी झाली! पाटलाचा घर धुऊन नेला!"

दूध उतू गेलं.

चोरांनी टीव्ही नेला होता, सिलिंडर नेला होता, आणि शिट्टीसकट कुकर नेला होता. पुराचं पाणी सोडलं तर बदलापूरच्या मांजर्लीत इतक्या शिस्तीने घर रिकामं करणारं आजवर कोणी आलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवरून ही बातमी पुण्याला पोचली आणि ओटा पुसून व्हायच्या आत नेत्राचा, म्हणजे लेकीचा फोन आला.

"बाबा, आता मी काही ऐकणार नाही. तळमजल्याचं घर, त्यात तुम्ही एकटे. फ्लॅट विकायचा आणि वाकडला यायचं. आमच्याकडे तीन गेट आहेत, कॅमेरे आहेत, दूधवाल्यालासुद्धा ओटीपी लागतो."

वाकडचा अनुभव अनंतरावांना होता. एकदा ते तिथे सहज पाय मोकळे करायला खाली उतरले आणि परत वर जायला त्यांनाच ओटीपी लागला. मोबाइल वर राहिला होता. जावई ऑफिसातून येईपर्यंत ते वॉचमनच्या खुर्चीत बसले होते आणि वॉचमन उभा होता. इथे मांजर्लीत त्यांना डोळे मिटून घरभर फिरता येत होतं. कोणत्या भिंतीत तुळशीबाईंनी कुठे खिळा मारून घेतला आणि तो वाकडा का गेला, हेही त्यांना पाठ होतं. हे घर सोडायचं नव्हतं. पण लेकीला तसं सांगितलं की ती गप्प होते, आणि तिचं गप्प होणं त्यांना झेपत नसे. म्हणून ते भलतंच बोलून गेले.

"माझी काळजी करू नकोस. मी रिव्हॉल्व्हर घेतोय."

(हे वाक्य कुठून आलं, ते त्यांनाही सांगता येणार नाही. बहुधा मागच्या आठवड्यातल्या हळदीतून आलं असावं. तिथे भाचेजावई कमरेला छोटंसं रिव्हॉल्व्हर लावून आले होते, आणि मांडवातली एकमेव गादीची खुर्ची त्यांना मिळाली होती. अनंतराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते. तिचा एक पाय कमी होता.)

"बाबा," नेत्रा म्हणाली, "तुम्ही झुरळ मारायला गयामावशींना हाक मारता."

"झुरळाची गोष्ट वेगळी. ते उडतं."

"चोर पळतो."

"तीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत काढलीत मी!"

"कॅन्टीन विभागात, बाबा." एवढं बोलून तिने उसासा टाकला. "ठीक आहे. लायसन काढून दाखवा. नाहीतर मी फ्लॅट विकायला एजंट बघते."

झालं. अनंतराव दुसऱ्याच दिवशी शेअर रिक्षात मध्ये दबून उल्हासनगरला, कॅम्प तीनला पोचले. तिथे जीन्सच्या दोन कारखान्यांच्या बेचक्यात मुकेश नावाच्या सिंधी गृहस्थाचं दुकान होतं. पासपोर्ट, पॅन कार्ड, विवाह नोंदणी आणि हत्याराचा परवाना या सगळ्यांचे अर्ज तो एकाच टेबलावर भरत असे, आणि लोक एका कामाला येऊन दुसरं करून जात.

मुकेशने आधी चहा मागवला. मग मोबाइलवर फोटो दाखवला. बत्तीस बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर, तळहातात मावेल एवढं.

"साईं, एकदम कॉम्पॅक्ट. पँटच्या खिशात ठेवा, कोणाला कळणार नाही."

"कोणाला कळणार नाही, तर चोर घाबरणार कसा?"

मुकेशने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. मग त्याने अर्ज पुढे ओढला. "अब बताओ, खतरा किससे है?"

"चोरांपासून."

"चोर नहीं चलेगा. चोर तो सबको है. पोलीस पूछेगा, तुमच्याच जिवाला धोका का? नाम चाहिए, साईं. दुश्मन कौन?"

अनंतराव बोटांवर मोजायला लागले आणि पहिल्याच बोटावर अडकले.

"जमीन का झगडा?"

"जमीन मोठ्या भावाने विकली. मला न विचारता."

"बस! भाई दुश्मन!"

"नाही हो, नंतर त्याने माझा हिस्सा आणून दिला. शिवाय आंब्याची पेटी."

"ऑफिस में कोई?"

"एका माणसाने छत्री नेली होती माझी."

"धमकी दी?"

"नाही. सॉरी म्हणाला."

मुकेशने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत त्याने खंडणीवाले, बिल्डर, भावकीत कोयते चाललेले लोक असे सगळे पाहिले होते; पण साठी उलटलेला, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जन्म काढलेला आणि एकही शत्रू नसलेला माणूस तो प्रथमच पाहत होता. त्याला वाईट वाटलं. "साईं, घर जाओ. सोच के एक दुश्मन लाओ. छोटा भी चलेगा."

परतीच्या रिक्षात अनंतरावांचं मन खट्टू झालं. माणसाने आयुष्यात काही कमावलं नाही तर निदान एखादा शत्रू तरी कमवावा! घरी आल्यावर त्यांनी ठरवलं, रिव्हॉल्व्हर आलंच तर ठेवायचं कुठे ते आधी बघून घेऊ. घरात कुलूप लागणारी जागा एकच, तुळशीबाईंच्या कपाटातला लॉकर. त्यांनी किल्ली घेतली, तुळशीबाईंनंतर कधीच न उघडलेल्या त्या कपाटापर्यंत गेले आणि किल्ली परत खुंटीला लावून चहा ठेवायला गेले. पण लेकीला शब्द दिलेला होता. तेव्हा शत्रू तर हवाच होता.

विचार करता करता त्यांना दिपेश आठवला. समोरच्या फ्लॅटमधला, जीन्स शिवण्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला तगडा गडी. गेल्या वर्षी पार्किंगवरून त्याचं आणि अनंतरावांचं वाजलं होतं. दिपेश तेव्हा चक्क "काका, हे बरोबर नाही" असं म्हणाला होता. याहून कडक शब्द अनंतरावांना कोणी ऐकवल्याचं आठवत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी त्याची बेल वाजवली.

"दिपेश, एक विचारू? तुझ्या मनात माझ्याबद्दल थोडा राग आहे ना?"

"नाय ओ काका! कायपण काय!"

"थोडासा? पार्किंगचा?"

"तुम्ही अजून तेच धरून बसलात?" दिपेशचा चेहरा पडला. "काका, काकी सिरीयस होत्या तेव्हा रक्त द्यायला आमची गाडी भरून पोरं आणली होती मी. राग असता तर आणली असती?"

अनंतरावांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. गडबडीत ते म्हणाले, "तसं नाही रे. मला शत्रूचं नाव द्यायचंय. पोलिसात."

"पोलिसात?" दिपेशने दार पूर्ण उघडलं. "काका, कोण आहे? कोणी धमकी दिली?"

"नाव नाही ना सांगता येत. तेच तर अडलंय."

हे अगदी खरं होतं. पण दिपेशने ते ज्या अर्थाने घ्यायला नको नेमकं त्याच अर्थाने घेतलं. नाव सांगता येत नाही, म्हणजे माणूस केवढा मोठा असेल! अनंतराव आपल्या दारात पोचायच्या आत ही बातमी जिना चढून गयाबाईंकडे गेली, आणि गयाबाई जिना उतरून अनंतरावांकडे आल्या. त्यांच्या हातात मासळी कापायचा कोयता होता.

"मना सांग अनंता, कोन हाय तो मुरदा? घाबरू नको. तुलशी मना जाताना काय बोललीवती? बोलली, याला बगा. मंग? तुला कोन हात लावतंय तेच बगतंय मी!"

"गयावहिनी, कोणी नाहीये हो!"

"बगा," गयाबाई मागे जमलेल्या लोकांना म्हणाल्या, "किती घाबरलाय."

त्या दिवसापासून अनंतरावांचं एकटं राहणं संपलं. सकाळी फिरायला निघाले की मागे वीस पावलांवर दिपेश, काळा चष्मा लावून. भाजीवाला त्यांच्याशी दोन वाक्यं जास्त बोलला की दिपेश त्याचं नाव-गाव विचारी. चहा झाला की गयाबाई आधी अर्धा कप पिऊन बघत, विष नाही ना म्हणून. साखर कमी असेल तर पुन्हा करायला लावत. दुपारी अनंतरावांच्या हॉलमध्ये बायका वालाच्या शेंगा सोलत बसत आणि दाराकडे डोळा ठेवत. कुलूप लावायची वेळच येत नव्हती, कारण घर रिकामं असं कधी नसेच.

खरं सांगून टाकावं असं अनंतरावांना रोज वाटे. पण कसं सांगणार? मला कोणी मारणार नाहीये हो, मला फक्त लेकीसमोर बढाई मारायची होती, हे वाक्य ते आरशासमोर बोलून पाहत, आणि बाहेरून गयाबाई ओरडत, "कोनाशी बोलतंस? कोन हाय आतन?"

आणि मग तो रविवार उजाडला.

संध्याकाळचे अनंतराव बनियनवर गॅलरीत चहा घेऊन उभे होते. (अर्धा कप. वरचा अर्धा तपासणीत गेला होता.) आभाळ भरून आलं होतं, गॅलरीत अंधारून आलं होतं. सहज त्यांची नजर खाली गेली, आणि त्यांना आपल्या पांढऱ्या बनियनवर, बरोबर डाव्या बाजूला, एक लाल ठिपका दिसला.

तो हलत होता.

आपल्याला शत्रू नाही हे सबंध बदलापुरात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस त्या क्षणी ते साफ विसरला.

"दिपेश!" अनंतरावांनी अशी आरोळी ठोकली की नदीपलीकडे कुत्री भुंकली. चहा हवेत गेला आणि ते जेवणाच्या टेबलाखाली गेले. वयाच्या मानाने ही उडी फारच सुंदर होती.

"काका, उठू नका!" बाहेर दिपेश गरजला. "गेटपाशी आहे! हातात मशीन आहे त्याच्या!"

पुढचं अनंतरावांनी फक्त ऐकलं. धावणारी पावलं. एक केविलवाणं "अहो, ऐका तरी!" मग गयाबाईंचा आवाज, "मारतंस क माझे दिराला? थांब!" आणि त्यापाठोपाठ बोंबलाची भरलेली पाटी माणसाच्या डोक्यावर उपडी झाल्यावर येतो तसा ओला आवाज.

थोड्या वेळाने दिपेश मारेकऱ्याची कॉलर धरून त्याला आत घेऊन आला. पंचविशीतला मुलगा, टाय लावलेला, खांद्यावर एक बोंबील. त्याच्या हातातलं यंत्र गयाबाईंनी पाटीत जप्त केलं होतं.

"मी प्रज्वल," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "फ्लॅटचं मोजमाप घ्यायला आलोय. ते लेझर आहे, अंतर मोजायचं! नेत्रा मॅडमनी पाठवलंय, विक्रीसाठी. फोन लावा हवं तर!"

व्हिडिओ कॉल लागला. नेत्राला आधी बोंबील दिसला, मग प्रज्वल, मग त्याच्या मागे कोयता, कोयत्यामागे गयामावशी, आणि दारात, जिन्यावर, खिडकीच्या गजांशी लाटणी आणि बॅट घेतलेली अख्खी सोसायटी.

"हे काय चाललंय? बाबा कुठे आहेत?"

"मी ठीक आहे!" बाबा टेबलाखालून म्हणाले.

"मॅडम," प्रज्वलने फोन हातात घेतला, "हा फ्लॅट विकला जाणार नाही. नुसतं मोजायला आलो तर ही गत. गिऱ्हाईक आणलं तर ते जिवंत परत जायचं नाही. तुमच्या वडिलांना काही होणार नाही, मॅडम. काय व्हायचं ते दुसऱ्यांनाच होईल."

नेत्रा गप्प झाली. अनंतराव टेबलाखाली आणखी आत सरकले. पण ती हसत होती, डोळे पुसत पुसत हसत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही रोज असता का बाबांकडे?"

"मंग? त्याला एकला सोरतंय क आमी?"

"राहा बाबा तिथेच," नेत्रा म्हणाली. "आमच्या तिन्ही गेटांवर मिळून असा एक माणूस नाही. आणि ते रिव्हॉल्व्हर नका घेऊ. उगाच एखाद्याला लागायचं."

"बघितलंस?" अनंतराव टेबलाखालूनच छाती काढून म्हणाले. टेबल उचललं गेलं.

त्या संध्याकाळी मांजर्लीत विजयोत्सव झाला. प्रज्वलला आंघोळ घालून जेवायला बसवलं. बोंबील तेच होते, पण तळल्यावर त्यानेही ते आवडीने खाल्ले. अनंतरावांना सोसायटीच्या ऑफिसातली गादीची खुर्ची आणून दिली. भाचेजावयांची तरी काय ऐट असेल अशा ऐटीत ते तिच्यात बसले.

"पण काका," दिपेश त्यांच्या कानाशी लागला, "हा नव्हता, म्हणजे खरा अजून मोकळाच आहे. उद्यापासून मी दहा पावलांवर चालतो."

दुसऱ्या दिवशी मुकेशचा फोन आला. "साईं, दुश्मन मिला?"

"नाही मिळाला. राहू दे आता, रिव्हॉल्व्हर नको."

"बहुत अफसोस हुआ," मुकेश मनापासून म्हणाला.

अनंतरावांनी चहा गाळला, अर्धा कप गयाबाईंच्या हातात दिला आणि पास होण्याची वाट पाहत उभे राहिले. आपल्या जिवावर कोणीही उठलेलं नाही, हे सोसायटीत सांगायचं त्यांचं अजून राहूनच गेलं आहे.