नागपूरपेक्षा जवळचं लंडन

दामूअण्णांना बोईसर किती लांब म्हणून विचारलं, तर ते लंडनच्या विमानाच्या वाटेवरच्या बेरूतचं अंतर सांगत. एस.टी. वाटेत पाम गावाजवळ बंद पडली की सगळे कंडक्टरच्या नावाने बोटं मोडत आणि अण्णा घड्याळ बघून म्हणत, "विमान असतं तर एव्हाना समुद्र ओलांडला असता!"

मी तेव्हा तारापूरला उभ्या राहणाऱ्या वीजकेंद्रात नकाशे काढायला होतो आणि चिंचणीला अण्णांकडे भाड्याने राहत होतो. अण्णांची चिकूची वाडी होती. स्वतः मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते, पण लंडनचे साडेचार हजार मैल त्यांना आरतीसारखे पाठ. आमच्या अमेरिकन साहेबालाही त्यांनी रस्त्यात गाठलं. मला दुभाष्या करून विचारलं, "जाताना वारा आडवा, येताना पाठीला. बराबर?" साहेब हो म्हणाला. मग काय, अण्णा महिनाभर जमिनीवर नव्हते!

या वेडाचं मूळ त्यांची एकुलती एक लेक, विमल. ती लग्न होऊन लंडनला गेली तेव्हा काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, डोळ्यांचं पाणी खळेना. अण्णा म्हणायचे, "नागपूरला दिली असती तर गाड्या बदलून पाठ मोडली असती. लंडन चौदा तास! जवळ कोन हाय सांग."

विमलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात वाद नव्हता. काकू म्हणाल्या, "पाचव्यातच बोलवा." अण्णा हसले. "नागपूर हाय का ते? सातव्यात ओटी भरू दे तिच्या सासूला. मग सकाळी बसली की रात्री हितं."

ओटी भरली. मग अण्णांना तिच्या निघण्याचा मुहूर्त पसंत पडेना. शेवटी मुंबईला विमान कंपनीत गेले, तेव्हा समजलं की दिवस भरत आलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. वाऱ्याचासुद्धा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

घरी येऊन ते ओटीवर बसले. काकूंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरीला बंदी हाय. आईला नाय ना? मी जाते."

तिकीट एकाचंच जमण्यासारखं होतं. काकू पालघरलाही कधी एकट्या गेल्या नव्हत्या. पण त्या उठल्या आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक निवडायला बसल्या.

अण्णा ओटीवरून उठून त्यांच्याजवळ आले. "अगो, इतक्या लांब? एकटी?"

लांब हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"तीनेक महिन्यांत येते," काकू म्हणाल्या.

अण्णा त्यांच्यासमोर खाली बसले आणि डिंकातली काडी उचलत हळूच म्हणाले, "मग तवर मी कोनाशी बोलू?"