सत्तावीस नंबरला सलाम

करड्या रंगाची नेमकी छटा कोणती, एवढंच विचारायला हेडक्लार्कने सासऱ्यांना फोन केला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि सासऱ्यांना आपणहून केलेला हा त्याचा पहिलाच फोन. (सुखातला जीव दुःखात घालायची काहींना उपजतच हौस असते.)

सासरे म्हणजे निवृत्त मेकॅनिक. मोटारींचे नव्हेत, लढाऊ जेट विमानांचे. त्यांतलं सत्तावीस नंबरचं विमान अकरा वर्षं त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होतं. हेडक्लार्क पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीचे अर्ज तपासायचा आणि घरी आला की रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवायचा. आतापर्यंतची सगळी हातभर लांब होती, पलंगाखाली मावायची, बायकोही काही बोलायची नाही. मग त्याच्या मनाने घेतलं, की आता मोठं जेट करायचं. खऱ्याच्या एक पंचमांश, पोटात रॉकेलवर चालणारं छोटंसं खरं जेट इंजिन. आणि करायचंच तर सासऱ्यांचं सत्तावीसच करायचं. ते बघून तरी म्हातारा एकदा "छान" म्हणेल. बावीस वर्षांत सासऱ्यांनी जावयाला वाईट शब्द कधी वापरला नव्हता, पण चांगलाही वापरला नव्हता. घरी आले की ते आधी त्याच्याकडे बघत, मग मुलीकडे बघत आणि प्यायला पाणी मागत.

फोनवर सासरे म्हणाले, "रंग असा सांगून कळत नाही, जावईबापू. मी येतो."

आठ दिवसांसाठी म्हणून आले ते तीन वर्षं राहिले.

विमानाचं धड जेवणाच्या टेबलावर आलं, त्यामुळे जेवण जमिनीवर आलं. पंखांना दमट हवा सोसत नाही असा सासऱ्यांनी निकाल दिला, म्हणून पंख पलंगावर गेले. पलंगाच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला पंख आणि खाली गादीवर हेडक्लार्क. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक जाड रजिस्टर आणून त्यात रकाने आखले. डावीकडे 'दोष', उजवीकडे 'उपाय', खाली सही. हेडक्लार्क जन्मभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारत आला होता, आता त्याच्यावर पाळी आली. खऱ्या सत्तावीसच्या डाव्या पंखावर एक ठिगळ होतं. हेडक्लार्कने तेही केलं, त्यावर बारीक रिव्हेट मारले आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. सासऱ्यांनी डोळे मिटून ठिगळावरून बोट फिरवलं. "अकरा होते," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. बारावा रिव्हेट काढण्यात हेडक्लार्कचे चार दिवस गेले.

वैताग आला की तो मनातल्या मनात सासऱ्यांना परतीच्या गाडीत बसवून यायचा. पण एकदा इंधनाची नळी बसवताना म्हातारा आपण होऊन बोलला. सत्तावीसने शेवटचं उड्डाण केलं त्या दिवशी तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात पडला होता. परत कामावर आला तेव्हा विमान भंगारात गेलेलं. "शेवटचं एकदा उडताना बघायचं राहिलं," एवढंच म्हणाला आणि नळी घट्ट करत बसला. त्या दिवसापासून "छान" ऐकायची हेडक्लार्कची हाव जरा कमी झाली आणि म्हाताऱ्याला ते विमान उडताना दाखवायचंच, हा ध्यास लागला.

विमान पुरं झालं आणि तेवढ्यात थोरल्या मेहुण्याचा निरोप आला. बाबांना आता तो आपल्याकडे कायमचं नेणार होता, फार लांब. सोमवारचं तिकीट. म्हणजे हातात फक्त एक रविवार होता.

खरं जेट जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याच्या तोंडावर झाकणं असतात, चाकांत खुंट्या असतात आणि प्रत्येकाला एक लाल फीत लटकत असते. उड्डाणाआधी मेकॅनिक ते सगळं काढतो, फिती हातात धरून पायलटला दाखवतो, पायलट मोजतो. मग मेकॅनिक सलाम करतो, पायलट सलाम करतो आणि विमान सुटतं. सासरे म्हणाले, हे सगळं झालं पाहिजे. बायकोने जुन्या लाल पडद्याच्या सहा फिती शिवल्या. हेडक्लार्कने ऑफिसच्या आरशासमोर सलामाचा सराव केला. (शिपायाने साहेबांच्या कानावर घातलं, की हेडक्लार्क हल्ली स्वतःलाच मान देतात.)

रविवारी सकाळी तिघं गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर पोचले. पट्टी जिथे संपते तिथे तारेचं कुंपण, पलीकडे कोबीचं शेत. सासऱ्यांनी पिशवी घेतली आणि कमरेत वाकून सगळी पट्टी वेचून काढली. दोन खडे, एक बटण, केसांची एक पिन. "इंजिनात बाहेरचं काही जाता कामा नये," ते म्हणाले. "अकरा वर्षांत माझ्या इंजिनात कागदाचा कपटा गेला नाही." मग त्यांनी जावयाच्या शर्टाकडे बघितलं. कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यांनीच घालायला लावला होता. मनगटांची बटणंही त्यांनीच लावून दिली.

इंजिन सुरू झालं. रिमोट हेडक्लार्कच्या गळ्यात. त्याच्या उजव्या हाताखालची काठी वेगाची, वर सारली की वेग वाढतो. सासरे विमानाकडे पाठ करून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी फिती वर धरल्या. हेडक्लार्कने सहा मोजल्या. मग त्या पंचाहत्तरीच्या माणसाने टाचा जुळवल्या आणि आपल्या जावयाला सलाम केला.

पंचवीस वर्षं हेडक्लार्क ज्याची वाट बघत होता ते हेच. त्याचा उजवा हात झटक्यात कपाळाकडे गेला, आणि जाता जाता शर्टाच्या कडक कफाने वेगाची काठी थेट वरपर्यंत ढकलून दिली.

सासऱ्यांच्या खांद्यावरून त्याला दिसलं, की सत्तावीस निघालं. हात खाली घ्यायला हवा होता. पण सासरे अजून सलामात उभे होते, आणि सासरे बसल्याशिवाय न बसणारा, त्यांनी घास घेतल्याशिवाय घास न घेणारा जावई त्यांच्याआधी हात खाली कसा घेणार? तो थांबला. सासरेही थांबले. इंजिनाचा आवाज चढला तसा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. जावई इंजिन तपासतोय असं त्याला वाटत होतं.

"कुणीतरी एकाने हात खाली घ्या हो," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

कुणीही घेतला नाही. पट्टीच्या टोकाला सत्तावीसने नाक उचललं आणि ते उडालं. खरंच उडालं. कुंपणावरून अलगद पलीकडे गेलं, ऊन त्याच्या करड्या पाठीवर चमकलं. त्यासारखं सुंदर काही हेडक्लार्कने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग ते कोबीत उतरलं.

सासरे वळले तेव्हा शेतातून फक्त धूर येत होता.

तिघं कुंपण ओलांडून गेले. एक पंख इकडे, चाकं तिकडे. म्हातारा मातीत बसला आणि इंजिनाच्या तोंडातून कोबीची पानं एकेक करून काढायला लागला. बराच वेळ ती संपेनात.

"उडालं होतं का?" त्याने विचारलं.

"उडालं, बाबा. कुंपणावरून. पुरुषभर उंच."

"मला दिसलं नाही." त्याने आणखी एक पान काढलं. "तुम्ही हात खाली का नाही घेतलात?"

"तुमच्या आधी कसा घेणार?"

"पायलटने आधी घ्यायचा असतो. तोवर मेकॅनिकने थांबायचं असतं." मग म्हातारा खाली बघतच म्हणाला, "अकरा वर्षांत माझ्यासाठी एवढा वेळ कुणी पायलट थांबला नाही."

हेडक्लार्कला रडू आलं. विमान मोडलं होतं, तीन वर्षं कोबीत गेली होती, म्हाताऱ्याचं बघायचं दुसऱ्यांदा राहिलं होतं, आणि तरी त्याला वाटलं, की आता तो शब्द येणार. पण म्हाताऱ्याने फक्त रजिस्टर मागितलं.

संध्याकाळी मेहुण्याला फोन गेला. बाबांनी तिकीट रद्द करायला सांगितलं होतं, सत्तावीस उडताना बघितल्याशिवाय ते इथून हलणार नव्हते. पंख, म्हणजे जे काही उरले होते ते, परत पलंगावर गेले. हेडक्लार्कने खाली गादी घातली आणि बायको आत असताना हळूच रजिस्टर उघडलं. कुठेतरी, निदान शेऱ्यात तरी, तो शब्द असेल अशी वेडी आशा होती.

होता. सासऱ्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'विमान: छान. इंजिन: छान. फिती: छान. दोष: पायलट. उपाय: दुरुस्तीपलीकडे. बदलून मुलीला बसवावे. जुना पायलट खडे वेचण्यासाठी वापरावा.'

खाली सही होती. दोन सह्या होत्या. दुसरी बायकोची होती.