एक डोळा पुरावर, एक मेहुण्यावर

"यंदा कॅलेंडरवर माझाच फोटो लागणार! आणि तुझ्या भावाला याचा वाससुद्धा लागता कामा नये!" हेडक्लार्कनं बायकोला बजावलं.

गेल्या वर्षी पाणीपुरवठा कचेरीच्या कॅलेंडरवर मेहुण्यानं काढलेला फोटो झळकला होता. मेहुणा त्याच कचेरीत, शेजारच्याच टेबलावर. वर्षभर तो फोटो समोरच्या भिंतीवरून हेडक्लार्कला वाकुल्या दाखवत होता.

तीन दिवसांच्या पावसानं नदी फुगली. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून हेडक्लार्क दार उघडतो, तर समोर गाडीसकट मेहुणा!

"ताई म्हणाली, पुलाकडे निघालात. म्हटलं, सोडतो तुम्हाला."

घरचा भेदी! पण बस बंद होत्या. निमूट बसला बापडा. बसल्या बसल्या त्यानं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी मात्र लावली. मेहुणा डोकावला तर?

वाटेत चहाला थांबले. कॅमेरा टेबलावर सोडून हात धुवायला जाणं म्हणजे मांजराला दुधाची राखण! हेडक्लार्कनं गुपचूप आतलं निळं मेमरी कार्ड काढून शर्टाच्या खिशात टाकलं. कोऱ्या कार्डाचं मेहुणा काय करणार होता, हे त्याला विचारू नका. परत आला तेव्हा मेहुण्यानं कॅमेऱ्याला बोटही लावलं नव्हतं. हे तर फारच संशयास्पद!

पुलाजवळ दोघं चिंब भिजले. हेडक्लार्कनं दोनशे फोटो काढले, एक बूट चिखलात गमावला.

"भाऊजी, कार्ड आत आहे ना? एकदा बघा."

"वा रे वा! भर पावसात कॅमेरा उघडू? पाणी शिरलं की तुझं फावलं!"

"अहो, पण तुमच्या खिशात..."

"माझ्या खिशाची उठाठेव तुला नको!"

मेहुण्यानं हात जोडले आणि मोबाइलवर एकच फोटो काढला.

घरी येऊन कॅमेरा उघडला, तर आत काहीच नाही!

"चोर! चहाच्या टेबलावरच हात मारला यानं! आजपासून त्यानं या घरात पाऊल ठेवायचं नाही!"

"मग मीही ठेवत नाही," म्हणून बायको भावाकडे गेली ती पंधरा दिवस आलीच नाही. आली तेव्हाही मुकी. घर खायला उठलं, पण हेडक्लार्कचा हेका कायम.

नवं कॅलेंडर आलं. फोटो मेहुण्याचाच! मागे फेसाळत जाणारी नदी, पुढे एका पायात बूट घातलेला हेडक्लार्क, कॅमेरा पोटाशी धरून तिरक्या नजरेनं मागे बघणारा. सारी कचेरी भिंतीपाशी लोटली.

शिपायानं फोटोतल्या भिजलेल्या शर्टावर बोट ठेवलं. "साहेब, तुमच्या खिशात हे निळं काय दिसतंय हो?"

तो शर्ट केव्हाच धुऊन, फाटून खिडक्या पुसायला गेला होता. हेडक्लार्कला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग उठून त्यानं दोन चहा मागवले आणि मेहुण्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"चुकलो रे बाबा. ताईला सांग, आता तरी माझ्याशी बोल. आणि रविवारी सगळे जेवायला या."

"सोडा हो भाऊजी!" म्हणत मेहुण्यानं हसून एक कप त्याच्या हातात दिला.

हेडक्लार्कचे डोळे भरून आले. तरी पहिला घोट त्यानं मेहुण्यालाच घ्यायला लावला.