आगाशेकाकांची चुकीची आफ्रिका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यापासून मी आफ्रिका जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा सासुरवाडीलाही गेलेलो नाही. पाहिली ती आगाशेकाकांच्या बेसमेंटमध्ये, फोल्डिंगच्या खुर्चीवर, मांडीवर चिवड्याची कागदी प्लेट सांभाळत. आणि दर वेळी चुकीची पाहिली. फोटो खरे होते, काकांनी स्वतः काढलेले. पण त्या फोटोंबद्दल काका जे सांगायचे, त्यातलं निम्मं धादांत खोटं असायचं.

"हा बिबट्या. नीट बघून घ्या, पुन्हा दिसणार नाही," काका म्हणायचे. तो आम्हाला गेल्याच महिन्यात दिसलेला असायचा.

"चूक!" मागच्या खुर्चीवरून आवाज यायचा. "चित्ता आहे तो. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ दिसत नाही का?"

"असं होय? बरं बरं, चित्ता."

हा आवाज शैलाकाकूंचा, म्हणजे आगाशेकाकांच्या बायकोचा. काकू लग्नाआधी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न होऊन इलिनॉयला आल्या आणि वर्ग गेला, पण 'चूक!' म्हणायची सवय राहिली. आता वर्गात विद्यार्थी एकच होता आणि तो दर वेळी नापास व्हायचा.

आमच्यासारख्या शेजाऱ्यांना याचं नवल वाटायचं ते वेगळ्याच कारणासाठी. काका निवृत्त झाले ते पुलांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीतून. हा माणूस घरासमोर पडलेला बर्फ फूटपट्टीने मोजायचा आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याला सोफ्यावरून फैलावर घ्यायचा. माझ्या मेलबॉक्सचा खांब कललाय हे त्यांनी मला लेव्हल लावून सिद्ध करून दाखवलं होतं, आणि मी तो सरळ करीपर्यंत माझ्याशी दुसऱ्या कशाबद्दलही बोलले नव्हते. असा माणूस मसाई बायकांना तुर्काना जमातीच्या म्हणतो? चवीला खारट असलेलं तळं गोडं म्हणून सांगतो? आम्ही आपलं म्हणायचो, वय झालं.

निवृत्तीनंतर आमच्याकडचे लोक क्रूझवर जातात, नाहीतर पुण्याला जाऊन दात करून येतात. आगाशे पतिपत्नी एका ट्रकमध्ये बसून आफ्रिकेत गेली. ट्रकच म्हणायचा तो. वर ताडपत्री, बाजूला बाकं, मागे तंबू आणि चुलीचं सामान. बरोबर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान वयाची ऑस्ट्रेलियन आणि जर्मन पोरं. नैरोबीहून निघून वर सांबुरू लोकांच्या मुलखातून तुर्काना सरोवरापर्यंत, मग परत खाली, एकेक तळं आणि एकेक अभयारण्य करत मसाईंच्या प्रदेशातून टांझानियात. स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. काकूंच्या पाळीला सगळ्या ट्रकने मुगाची खिचडी खाल्ली आणि एका जर्मन पोराने चक्क भांडं खरवडलं, ही गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती.

"आणि तिथे त्या बबूनने आमची लसणीच्या चटणीची पिशवी पळवली," काका सांगायचे.

"चूक! मेतकूट होतं. म्हणून तर शिंकत बसला ना तो झाडावर!"

इथे सगळे हसायचे. माझी मुलगी मात्र पहिल्या वर्षानंतर यायची बंद झाली. "बाबा, नॉट द हिप्पोज अगेन," असं म्हणून ती सरळ मैत्रिणीकडे जायची. मलाही जावंसं वाटायचं. पण रविवारी दुपारी काकांचा फोन यायचाच. "या हो. शैला वाट बघतेय." डिजिटल कॅमेरे घरोघरी झाले होते, तरी काकांकडे तोच गोल ट्रेचा जुना स्लाइड प्रोजेक्टर होता. बेसमेंटच्या त्या टीचभर खिडकीला टॉवेल लावून अंधार केला जायचा. बाहेर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तसाही उजेडाचा आनंदच असतो.

मग एका रविवारी शॉमबर्गहून सबनीस आले. सबनीस म्हणजे आमच्या मंडळातले सर्वज्ञ. त्यांना कुठलीही गोष्ट आधीपासून माहीत असते, आणि या वेळी तर ते नुकतेच ऑफिसच्या ग्रुपबरोबर केनियाची सफारी करून आलेले. पडद्यावर गुलाबी पक्ष्यांनी भरलेलं तळं आलं. काका म्हणाले, "हे व्हिक्टोरिया सरोवर."

मागे काकूंची खुर्ची कुरकुरली. त्या पुढे सरकल्या होत्या, बोलायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात सबनीस कडाडले, "काय सांगता आगाशे! अहो, हे नाकुरू! व्हिक्टोरियात एवढे फ्लेमिंगो कुठून येणार? आणि मघाशी तुम्ही जो झेब्रा दाखवलात ना, तोही..."

काकूंनी तोंड मिटलं. मागे टेकून बसल्या आणि मांडीवरच्या शालीची झालर बोटांनी सारखी करायला लागल्या. काकांनी प्रोजेक्टर बंद केला आणि दिवा लावला. "आज इतकंच," म्हणाले आणि कोट न घालता जिना चढून बाहेर गेले.

त्यांचा कोट घेऊन मी मागोमाग गेलो. ड्राइव्हवेवरचा बर्फ त्यांनी सकाळीच काढलेला होता. तरी ते फावडं घेऊन कोरडं काँक्रीट खरवडत होते.

"काका, सबनीसांचं काय मनावर घेता," मी म्हटलं.

"त्या गाढवाने तिचं उत्तर खाल्लं," काका म्हणाले. माझ्याकडे पाहत नव्हते. "आज ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्यासाठी सोपं ठेवलं होतं."

मला काही कळेना. मग त्यांनी फावड्यावर रेलून सांगितलं. काकूंचं विसरणं आता साधं राहिलं नव्हतं. चमचे कुठल्या खणात असतात ते त्यांना आठवत नसे. टेक्ससहून मुलीचा फोन आला की गोड बोलत, आणि ठेवल्यावर विचारत, कोणाचा होता हो? डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगून टाकलं होतं.

"पण तो ट्रकचा रस्ता शाबूत आहे तिचा," काका म्हणाले. "कसा काय, देव जाणे. आणि गंमत बघ, मी बरोबर सांगितलं तर ती नुसती बसून राहते. चुकलो की जागी होते. मला रागावते. पाच-दहा मिनिटं अगदी पहिल्यासारखी असते रे."

"मग आम्हाला कशाला बोलावता?"

"चार लोकांत मी चुकलो की तिला जास्त राग येतो."

मला फार वाईट वाटलं. आणि लाजही वाटली, की इतकी वर्षं आम्ही त्या माणसाची कीव करत होतो ती भलत्याच गोष्टीसाठी.

त्यानंतर मी आणि माझी बायको मीनल घरोघरी फोन करत बसलो. काकांच्या स्लाइड बघताना कोणीही, काहीही दुरुस्त करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण समोर धडधडीत चुकीचं बोललं जातंय आणि मराठी माणसाने गप्प बसायचं, ही शिक्षा काय असते ते त्या बेसमेंटमध्ये बसल्याशिवाय कळणार नाही. एक प्राध्यापक तर मधेच उठून पाणी प्यायला जायचे. सबनीसांचं मात्र कौतुक करायला हवं. ते दर वेळी शॉमबर्गहून गाडी हाणत यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि जीभ फारच वळवळायला लागली की अख्खा बटाटेवडा तोंडात कोंबायचे. त्या हिवाळ्यात त्यांचं वजन चांगलंच वाढलं.

काका मात्र चुका बदलत चालले होते. पूर्वीच्या चुका बारीक असायच्या, जाणकारालाच कळतील अशा. सांबुरूच्या झेब्र्याचे पट्टे अरुंद असतात, हे काकूंनाच माहीत असायचं. हळूहळू काकूंचं 'चूक' उशिरा यायला लागलं, मग मधले काही फोटो नुसतेच जायला लागले. तशा काकांच्या चुका ठळक झाल्या. नाकुरूच्या जागी व्हिक्टोरिया म्हणणारा माणूस आता हत्तीला गेंडा म्हणायला लागला. एकदा त्यांनी जिराफ दाखवून "हा उंट" म्हटलं, तेव्हा कोणी हसलं नाही. आम्ही सगळे अंधारात श्वास रोखून मागच्या खुर्चीकडे कान लावून बसलो होतो.

"काहीतरीच काय," काकू बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "जिराफ आहे की."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. काका त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी आम्हा सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा करून पाजला.

मार्चमध्ये बर्फ वितळून पुन्हा पडला त्या आठवड्यातला रविवार. आम्ही मोजकेच लोक होतो. काकूंना मीनलने हात धरून खाली आणलं होतं. केस नीट विंचरलेले होते. ते आता काकाच विंचरायचे. सुरुवातीच्या सगळ्या स्लाइड मुकाट गेल्या. मग एक तळं आलं. काठाला पिवळ्या खोडांची झाडं, पाण्यात पाणघोड्यांची काळी डोकी, आणि अलीकडे होडीत बसून हसणाऱ्या शैलाकाकू, डोक्याला ओढणी बांधलेल्या.

काकांनी घसा खाकरला. "हे लेक मिशिगन," ते म्हणाले. "आपलं शिकागोचं. हे तिथले पाणघोडे."

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. सबनीसांच्या हातातला वडा हातातच राहिला होता.

"शैला," काका म्हणाले. "लेक मिशिगन म्हटलं मी."

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं, अगदी सौम्यपणे, परक्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर पाहतात तसं.

"असेल," त्या म्हणाल्या.

काका उठून त्यांच्याजवळ गेले आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ते खाली कसे बसले कोण जाणे. "असेल कसं? अगं, मी चुकलोय. हे नैवाशा आहे. ही होडीत तू बसलीयेस. आठवतंय? सांग ना मला, चुकलात म्हणून."

"तेही असेल," काकू म्हणाल्या, आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून हसल्या.

सबनीसांनी हात दिला, तेव्हा काका उठले आणि प्रोजेक्टरपाशी गेले. ट्रेमध्ये बऱ्याच स्लाइड बाकी होत्या. तळी होती, मसाईंची गावं होती, शेवटी टांझानियातलं ते प्रचंड विवर होतं. त्या सगळ्या काकांनी आम्हाला दाखवल्या, आणि एकूण एक बरोबर सांगितल्या.