भवानी पेठेतलं लढाऊ जहाज

आमच्या भवानी पेठेत एकच माणूस असा आहे, जो जिना चढून वर जातो आणि म्हणतो, "खाली चाललो."

नाव बिरू वाघमोडे. समोरच्या माडीवर एका खोलीत राहतो. दिवसभर रस्त्यावर असतो, आणि झोपायची वेळ झाली की जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं सांगतो, "चला, खाली जातो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ह्याला लागलीय. मग कळलं, हा दारूला शिवत पण नाही. हा नेव्हीत होता. जहाजावर पहारा वर असतो आणि झोपायची जागा खाली, म्हणून. अरे, पण ते जहाज सोडून तुझे केस पांढरे झाले. सोलापुरात कुठला समुद्र आणलास? आमच्याकडं नळाला पाणी आलं तरी बायका एकमेकींना हाका मारून सांगतात.

पेठेतली टवाळ मंडळी त्याला कॅप्टन म्हणतात. त्याचा त्याला लई राग. कॅप्टन नव्हतोच, डेकवरचा साधा खलाशी होतो, असं तो प्रत्येकाला थांबवून सांगतो. मूळचा सांगोल्याकडचा. बाप मेंढरं राखायचा. लहानपणी ह्यानं पाणी बघितलं ते विहिरीतलं, ते पण वाकून. असा माणूस नेव्हीत जातो काय, आणि सगळी नोकरी एका लहानशा लढाऊ जहाजावर काढतो काय. बरं, काढली तर काढली. पण त्या लहान जहाजाचा कैवार घेऊन तो पेठेत जो उच्छाद मांडतो, त्याला काय म्हणावं?

पेपरात मोठ्या जहाजाचा फोटो आला, वरून विमानं उडतात तसल्या, की हॉटेलातला तो पेपर ह्याच्या हाताला लागू द्यायचा नाही. लागला तर फोटोची बाजू आत दुमडून बशीखाली ठेवतो. म्हणतो, हे लग्नातलं घोडं. वरातीपुरतं नाचवायचं आणि परत नेऊन बांधायचं.

मग सुरू. ज्या पाण्यावर दोन देश आमचं आमचं म्हणून भांडतात, तिथं बहुतेक पाणी उथळ. खाली खडक, वाळूचे दांडे. मोठं जहाज तिथं शिरत नाही, लांब उभं राहतं. नेलंच, तर समोरचाही त्याचं मोठं आणतो, आणि दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर ओरडायला लागतात. लहान जहाजाचं तसं नाही. ते गुपचूप आत जातं, आपल्या कोळ्यांच्या होड्यांजवळ उभं राहतं. गोळी नाही, शिवी नाही. आज उभं, उद्या उभं. समोरचा वैतागतो, पण एवढ्याशा जहाजावर तोफ डागली तर जगात तोंड कुठं दाखवणार?

"अण्णा, कागदावर पाणी कुणाचं बी असू द्या," तो मला म्हणायचा. "सकाळी उठल्यावर तितं कोण दिसतंय, त्याचं असतंय. मेंढरं राखायला कुणी हत्ती लावतंय का? कुत्रं लागतंय. न हलणारं."

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म मागावर गेला, चादरी विणण्यात. मला काय कळतं समुद्रातलं? मी म्हणायचो, व्हय बाबा, आता चहा पी.

पण सगळे माझ्यासारखे नसतात. एकदा केस कापायच्या दुकानात ह्याची दाढी चालली होती आणि हेच पुराण चालू होतं. न्हावी आमचा रवी, तोंडाळ. त्यानं वस्तरा वर धरून विचारलं की, कॅप्टन, समोरच्यानं लाज सोडली आणि एक गोळा टाकला, तर तुमचं जहाज किती वेळ टिकतंय? बिरू ताडकन उठला, गळ्यातलं फडकं काढलं आणि अर्ध्या दाढीनं घरी गेला. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर साबण. दुसऱ्या दिवशी तसाच परत आला आणि दारातूनच म्हणाला, "बुडवलं तर मागनं मोठं येतंय, हे त्याला म्हाईत असतंय. म्हणून बुडवत न्हाय."

रवी म्हणाला, "म्हंजे मोठं लागतंयच की."

बिरू परत फिरला. उरलेली दाढी त्यानं शुक्रवार पेठेत जाऊन करून घेतली.

त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस पेठेत एकच होतं. आमची शेवंता. माझी बायको.

आमच्या घरापुढं, उंबरा आणि गटार यांच्या मधे, एक खाट मावेल एवढी जागा आहे. तिथं पाट टाकून ती बसायची. चुलीवर कडक भाकरी करायची आणि विकायची. बाहेरगावच्या लोकांना सांगतो, ही भाकरी पापडासारखी पातळ, भाजून वाळवलेली. डब्यात महिनेच्या महिने टिकते. चावताना आवाज बोळाच्या तोंडापर्यंत जातो. बिरू समोर दगडावर बसून जहाजं सांगायचा आणि ती थापता थापता ऐकायची. नुसती मान हलवायची नाही, विचारायची. एवढ्या लहान जहाजावर जेवण कोण करतंय? लाट आली की आमटी सांडत नसेल का? घरी माणूस गेलं तर सांगावा कसा येतो? ह्यावर त्यानं जे सांगितलं, ते मला आठवतं. म्हणाला, "येतोय सांगावा. पर बदली माणूस आल्याबिगर जागा सोडता येत न्हाय, वैनी. दुसरा आला, त्येला सगळं सांगितलं, त्यानं व्हय म्हणलं, मंगच हलायचं." ती तेव्हापासून रोज एक भाकरी त्याच्यासाठी बाजूला ठेवायला लागली. पैसे देऊ लागला तर त्याच्यावरच ओरडायची.

शेवंता माघात गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मी आत बसून राहिलो. दार लावून घेतलं. लोक म्हणाले, अण्णा, जरा बाहेर बसा, वारं लागेल. बाहेर कुठं बसू? तिच्या जागेवर? माणसं काय वाटेल ते बोलतात.

आणि बाहेर काय झालं, तर शेजारच्या गोडाऊनवाल्या गुंडूनं त्याचा टेम्पो लावायला सुरुवात केली. आधी एक चाक आमच्या बाजूला. मग अर्धा टेम्पो. मग चुलीच्या विटा बाजूला सारून त्यानं तिथं पोती रचली आणि वर ताडपत्री टाकली. पत्र्याचं शेड मारायचं बोलायला लागला. म्हणे कागदावर ती जागा कुणाचीच नाही. असेल. पण जिच्या हातच्या भाकरी खाऊन तू मोठा झालास, तिच्या चुलीच्या विटा पायानं सारतोस? बोटं झडली पाहिजेत.

मला राग आला, पण उठावंसं वाटेना. जाऊ दे म्हणालो. बसणारीच नाही, तर जागा घेऊन काय करू?

बिरू मात्र दारात येऊन थयथयाट करायला लागला. समुद्र असाच जातो म्हणे. आधी होडी येते, मग तंबू, मग झेंडा. मी म्हणालो, तुझा समुद्र घाल चुलीत. माझा भाऊबंद एक शहाणा, तो म्हणाला, मोठ्या माणसाला आणू. आणलं. पेठेतले एक पुढारी आले, बरोबर दहाबारा पोरं. गुंडूला झापलं, टेम्पो हलवायला लावला, पोती काढली. फोटो झाले, चहा झाला. गेले. दुसऱ्या दिवशी टेम्पो परत जागेवर. बिरू खिडकीशी आला आणि इतकंच म्हणाला, "लग्नातलं घोडं."

दोन दिवसांत टेम्पो माल घेऊन जेऊरला गेला. परत आला तेव्हा जागेवर लोखंडी घडीची खुर्ची, आणि खुर्चीत बिरू. डोक्यावर ओला सोलापुरी टॉवेल, मांडीवर पाण्याची बाटली. नजर समोर.

गुंडूनं हॉर्न वाजवला. हा हलेना. गुंडू खाली उतरून बोलला, ह्यानं बाटलीतलं पाणी टॉवेलावर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी गुंडूनं टेम्पो इतका पुढं घेतला की बंपर खुर्चीच्या पायाला टेकला. बिरूनं बंपरावर हात फिरवला, धूळ बघितली, टॉवेलाच्या टोकानं पुसली. परत नजर समोर. गुंडूची म्हातारी आई येऊन म्हणाली, लेकरा, ऊन लागंल. ह्यानं तिला नमस्कार केला आणि बसून राहिला. सकाळी गोडाऊनचं शटर उघडायच्या आधी हजर, शटर पडलं की खुर्ची घडी करून "खाली".

साऱ्या पेठेला करमणूक झाली. पोरं मुद्दाम त्या बोळातून जायला लागली. रवी दुकान सोडून बघायला आला. आणि माझं डोकं फिरलं. माझी बायको जाऊन चार महिने झाले नाहीत आणि तिच्या जागेवर हा तमाशा? वैशाखाचं ऊन, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा म्हातारा तिथं भाजत बसलाय. उद्या हा पण मेला, तर लोक काय म्हणतील? अण्णाच्या जागेपायी मेला.

मी खिडकीतून ओरडलो, "बिऱ्या, ऊठ तिथनं. कुणी सांगितलंय तुला?"

मान न वळवता म्हणाला, "बदली आल्याबिगर हलता येत न्हाय."

खिडकी लावून घेतली. अशा माणसाशी बोलायचं काय?

मग एका दुपारी गुंडू आला. ह्या वेळी हॉर्न नाही, आवाज नाही. मी खिडकीच्या आत खाटेवर पडलो होतो, सगळं ऐकू येत होतं. तो अगदी समजुतीनं बोलत होता. म्हणाला, मामा, तुमचा काय संबंध? तुमचं घर न्हाय, तुमचं माणूस न्हाय. ज्याची जागा, त्या म्हाताऱ्यानंच सोडून दिलीया. दार तरी उघडतोय का तो?

बिरूची खुर्ची करकरली. मला वाटलं, आता उठतो. रवीच्या दुकानातून उठला होता तसा.

"सोडली न्हाय," बिरू म्हणाला. "ते मोठं जहाज हाय. लई मार बसलाय, दुरुस्तीला लागलंय. तवर हितं मी हाय."

गुंडू हसला. "आणि दुरुस्तच न्हाय झालं तर?"

"तर मी हायच की."

सांगतो, माझ्या अंगाचा भडका उडाला. गुंडूपेक्षा बिरूचा राग जास्त आला. ज्यानं जन्मभर मोठ्या जहाजांना शिव्या घातल्या, पेपर बशीखाली घातले, त्यानं मला मोठं जहाज म्हणावं? मी काय लग्नातलं घोडं आहे? चाळीस वर्षं मागापुढं पाळीला उभा राहिलोय. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय चालू माग सोडून मी कधी पाणी प्यायला पण गेलो नाही. मला हा शिकवणार, जागा सोडली का नाही ते?

उठलो. खाटेखालून शेवंताचा पाट ओढला. त्यावर धूळ बसली होती, धोतरानं पुसली. फळीवर तिचा पत्र्याचा डबा होता. तिनं शेवटच्या केलेल्या भाकरी होत्या त्यात. माघापासून उघडला नव्हता. तो पण काखेत मारला आणि दार उघडलं. ऊन डोळ्यांत घुसलं, काही दिसेना. तसाच पाच पावलं गेलो आणि खुर्चीशेजारी पाट आपटला.

"ऊठ," म्हणालो. "बदली आली."

गुंडू माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. पाटावर बसलो. तो काहीतरी पुटपुटला, टेम्पोत चढला आणि मागं घेतला.

बिरू उठून उभा राहिला. ताठ. टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि मला कामाचा हिशेब द्यावा तसं सांगायला लागला. टेम्पो एक, मागं गेलाय, संध्याकाळी परत येण्याचा संभव. मांजर एक, आपल्याच बाजूचं. विटा सगळ्या गोळा करून भिंतीला लावल्यात, एक फुटलीय. वारं नाही. बाकी सगळं ठीक. मग थांबला. मला कळेना, कशाला थांबलाय. मग आठवलं.

"व्हय," म्हणालो.

त्यानं खुर्ची घडी केली. काखेत धरली. पण हलेना. रस्त्याच्या मधोमध उभा. माडीकडं बघतोय, परत माझ्याकडं बघतोय.

"आता काय? बदली मिळाली न्हवं?" मी म्हणालो. "जा की खाली."

"खाली कोण हाय, अण्णा?"

एवढंच म्हणाला. त्यानं लग्न केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. सांगोल्याची माणसं येत-जात नाहीत, हे पण माहीत होतं. माडीवरच्या त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. गेली असेल तर शेवंता गेली असेल, भाकरी द्यायला.

"खुर्ची उघड," मी म्हणालो. "आणि जहाजाचं नाव काढलंस तर बघ."

तो बसला. मी डबा उघडला. चार महिन्यांच्या भाकरी, पण वास तोच. एक काढली आणि गुडघ्यावर मोडली. आवाज बोळाच्या तोंडापर्यंत गेला असेल, कारण रवी दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. अर्धी बिरूला दिली, अर्धी मी घेतली.

दात दोघांनाही कमीच. बराच वेळ कुणाला बोलता आलं नाही.